नववी खोली

ऑफिसात तिला सगळे ‘मास्तरीणबाई’ म्हणत, कारण प्रोग्रामरांनी लिहिलेला कोड इतरांना समजावून सांगणारी पानं ती लिहायची. त्या दिवशी एका साध्या ‘क्लास’ची, म्हणजे कोडमधल्या एका तयार साच्याची, पाळी होती. त्यात जागांची संख्या आधीच ठरलेली असते आणि प्रत्येक जागेत शून्य किंवा एक असतो. आगीची सूचना देणाऱ्या यंत्रात तो वापरलेला होता. एका खोलीला एक जागा, धूर दिसला की तिथे एक.

उदाहरणासाठी तिने आठ जागा घेतल्या आणि उगाच खोडी म्हणून नवव्या जागेचं विचारलं. एरर यायला हवी होती. उत्तर आलं शून्य, म्हणजे धूर नाही.

“काका, हे काय?” तिने क्लास लिहिणाऱ्या म्हाताऱ्या प्रोग्रामरला विचारलं.

“अगं, जागेचा आकडा चौकोनी कंसात घालून विचारलं, तर तेवढ्या जागा आहेत का ते तो तपासतच नाही.”

शेजारी बसलेली, यंत्राचं काम बघणारी मुलगी चटकन वळली. “आम्ही सगळीकडे कंसच वापरलेत. त्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमात नववी खोली वाढली, पण जागा आठच राहिल्या.”

 त्या नव्या खोलीत मास्तरीणबाईची आई राहायची.

फोनाफोनी झाली. आईला अंगणात बसवलं. संध्याकाळपर्यंत कोडमधल्या जागा वाढवून खोलीत मुद्दाम धूर केला, तेव्हा भोंगा कोकलला.

आईचा फोन आला. “कसला गं हा कालवा? कान किटले माझे!”

“वाजू दे आई,” ती कशीबशी म्हणाली.