तोंडपाठ पान

आमच्या सोलापूरच्या वाचनालयात विड्या वळणाऱ्या एक बाई दर शनिवारी येतात. घरी तेलुगू, मराठी त्या जुन्या कादंबऱ्या वाचून शिकल्या. वाचताना त्यांचे ओठ सतत हलतात. "शब्द तोंडात घोळल्याबिगर कळतच न्हाय की मला," म्हणतात.

एकदा शेवटचं पान फाटलेली कादंबरी मी रद्दीत टाकत होते. त्यांनी ती हातातून काढूनच घेतली.

"मॅडम, पान गेलंय, गोष्ट कुटं गेली? लिवा तुमी, मी सांगते."

आणि डोळे मिटून, कविता म्हणावी तसं त्यांनी अख्खं पान म्हटलं. मी ते लिहून चिकटवलं.

पुढे त्या कादंबरीची दुसरी प्रत मिळाली, तेव्हा ताडून पाहिलं. एकच शब्द वेगळा होता, आणि बाईंचाच जास्त गोड वाटला. वाचकांना मी अजून तीच प्रत देते.