सुदामचा ठेका कुठून आला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गेला महिनाभर दाराची बेल वाजली तरी दचकतो, म्हणून आता तुम्हाला सांगतोय.

सुदाम गिटार घेऊन कारखान्यातल्या आणि एसटी स्टँडवरच्या माणसांची गाणी म्हणायचा. त्याच्या पहिल्या बँडमध्ये ड्रम मी वाजवायचो. त्याच्यावर काहीही छापून आलं की एक वाक्य त्यात असतंच – कॉलेजात एका मित्राने त्याला अमेरिकन रॉकच्या कॅसेट ऐकवल्या आणि तिथून त्याचं संगीत घडलं. तो मित्र मी. कॅसेट होत्या दोन. त्यातली एक सुदामने अर्धी ऐकली आणि झोपला.

मग त्याच्या गिटारचं ते एकाच तारेवर अडून राहणं, तो धावता ठेका – कुठून आला?

त्याचे मामा गोंधळी. बिबवेवाडीत एका खोलीत राहायचे, लग्नघरी गोंधळ घालायला जायचे. लहानपणापासून सुदाम त्यांच्यामागे तुणतुणं वाजवायचा. गिटारवरही त्याने तेच केलं. आणि माझा ठेका? तो त्यांच्या संबळाचा. माझ्या मांडीवर थापा मारून मामांनी तो शिकवला – चुकलो की जरा जोरात. घरी मी सांगायचो, लायब्ररीत जातोय.

पहिला मोठा कार्यक्रम संपल्यावर एका पत्रकाराने विचारलं, हे संगीत आलं कुठून? सुदाम तोंड उघडणार, तेवढ्यात मी बोललो. का? माझ्या ओळखीचे लोक आजूबाजूला होते. गोंधळ्याकडून शिकलो म्हटलं तर हसतील – एवढीच भीती. मी अमेरिका म्हणालो.

मामा मागेच उभे होते, धुतलेली टोपी घालून. सगळे पांगल्यावर म्हणाले, "आमचं तुणतुणं अमेरिकेला कधी जाऊन आलं रं? सांगितलं असतंस तर भाकरी बांधून दिली असती."

सुदाम हसला. मीही हसलो. पुढे तोही सगळीकडे अमेरिकाच सांगू लागला. मला उघडं पाडायचं नव्हतं म्हणून? मी कधी विचारलं नाही. आता मामा नाहीत, आणि पक्षाघाताच्या झटक्याने सुदामची वाचा गेली आहे.

गेल्या महिन्यात वारज्याला आमच्या घरी एक मुलगी आली. सुदामच्या सुरुवातीच्या काळावर पुस्तक लिहितेय. बायकोने चहा देताना मोठ्या कौतुकाने सांगितलं, ह्यांनीच ऐकवलं त्यांना सगळं. मुलीने जुनं रेकॉर्डिंग लावलं, टेबलावर पेनाने ठेका धरला.

"काका, हे मला रॉक वाटतच नाही. त्यांच्या घरात कुणी गोंधळी होतं का?"

तिने उत्तर माझ्या पुढ्यात आणून ठेवलं होतं – मला फक्त हो म्हणायचं होतं. बायको ट्रे घेऊन तिथेच उभी होती.

"नाही," मी म्हणालो. "कुणी नव्हतं."

"तुम्ही तिथे होतात, तुम्हालाच माहीत," असं म्हणून तिने वहीतली एक ओळ खोडली. हळू, सरळ रेघ मारून. मी बघत राहिलो.