हौसाआक्कांचे डेलिया आणि माझी जळजळ

डेलिया लावणारी माणसं एकत्र बसली की किस्से कंदांसारखे वाढतात. लावताना एक, उपटताना सात! आमच्या कळंब्याच्या गल्लीत अशी तीन माणसं आहेत: निवृत्त बँकवाले देशपांडे, शेजारच्या हौसाआक्का आणि मी. मी तीस वर्षं हायस्कूलला सायन्स शिकवलं. आक्कांच्या दारात दोन म्हशी. पुष्पप्रदर्शनात डेलियाचा पहिला नंबर दरवर्षी त्यांचा, दुसरा माझा. मी जळतो. उगाच कशाला लपवू?

*

एकदा लाज सोडून विचारलं, "आक्का, खत कुठलं घालता?"

"म्हशीचं शेण. आनि काय असतंय?"

आणि मी इकडे ग्रॅमवर खत मोजत बसलेला! त्याच संध्याकाळी बादलीभर शेण मागून आणलं आणि सगळ्या कुंड्यांत घातलं. आठवड्यात निम्मी रोपं करपली.

आक्का भिंतीवरून वाकून बघत होत्या. "ताजंच घातलासा व्हय? कुजवाय लागतंय की ओ! पोरास्नी तीस वर्सं काय शिकवलासा?"

*

फूल मोठं हवं तर फांदीवर एकच कळी ठेवायची, बाकीच्या खुडायच्या. देशपांड्यांचा हात काही धजेना. कळीला "सॉरी हं" म्हणायचे आणि तशीच सोडायचे. फुलं आली लिंबाएवढी.

"असू दे हो, हौसेला मोल नसतं," मी म्हणालो. मनात म्हटलं, चला, एक स्पर्धक कमी!

त्यांना लहान फुलांच्या गटात पहिला नंबर मिळाला. असा गट असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!

*

आक्का धारा काढत होत्या, तेव्हा मी टेप घेऊन त्यांच्या अंगणात शिरलो. फुलाचा घेर मोजायला! माझ्या फुलापेक्षा दोन बोटं जास्त भरला. मी अजून जवळ वाकलो आणि मधमाशीनं नाकावर डंख मारला.

बोंब ऐकून आक्का धावत आल्या. काटा काढला, एक टपोरं फूल तोडलं, पाकळ्या चुरगाळल्या आणि नाकावर थापल्या. "आमची आज्जी ह्येच लावायची. गप बसा."

नाक ठणकत होतं, पण मला आनंद झाला. त्यांचं एक फूल तरी कमी झालं! विचारलं, "कुठलं तोडलं?"

"तुमचंच की! भिंतीवरनं हिकडं आलतं."

*

यंदा परीक्षक माझ्या फुलापुढे थांबले. "वा!" म्हणाले. पहिल्या नंबरचं कार्ड माझ्या कुंडीला टेकवलंसुद्धा. बायकोनं फोटो काढायला मोबाईल वर केला.

मग त्यांनी चष्मा लावला.

*

प्रदर्शन झालं, झाडं सुकली. आक्कांचे कंद काढायला मी मदतीला गेलो. पहिल्या नंबराच्या झाडाचे दोन कंद माझ्या पिशवीत आले. आले म्हणजे, मीच घातले. मागितले असते तर त्यांनी टोपलीभर दिले असते. पण त्यांच्यापुढे पुन्हा हात कोण पसरणार?

घरी कोणाला कळू नये म्हणून रताळ्यांच्या टोपलीत तळाशी ठेवले. दिसायला भाऊ-भाऊच!

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. बायकोनं अख्खी टोपली उकडली आणि आक्कांना फराळाला बोलावलं. ताटं मांडल्यावर माझ्या लक्षात आलं. बोलायची सोय नव्हती.

आक्कांनी एक फोड तोंडात टाकली. सावकाश चावली. "वैनी, रताळी कुठली?"

"मंडईतली. का हो?"

"न्हाय, आमच्या मालकांची शुगर वाढल्यापासनं मी त्यास्नी डेलियाचा कंद उकडून घालतोय. चव वळखतो मी."

बायकोला काही कळेना.

आक्कांनी आपल्या ताटातल्या फोडी उचलल्या, माझ्या ताटात ठेवल्या आणि म्हणाल्या, "खावा सर. पैल्या नंबरचा हाय."