एका बोटावर ॲम्बेसिडर

चहा घ्या, थंड होईल. सांगतो. पण हा किस्सा आमच्या व्याह्यांसमोर काढायचा नाही. त्यांना पाठ आहे, आणि ते माझ्यापेक्षा चांगला सांगतात.

तर माझी ॲम्बेसिडर तुम्ही पाहिलीच आहे. पांढरी, गोलमटोल, परतवाड्याच्या एका डॉक्टरांकडून अकरा वर्षांपूर्वी घेतलेली. गाडी म्हणजे सोनं. फक्त तिचं स्टेअरिंग! अहो, चौक यायच्या अर्धा किलोमीटर आधीपासून मी मनाची तयारी करायचो. डावीकडे वळायचं असलं की सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, शेजारून दोन्ही हातांनी ओढायची. अमरावतीतले आमचे सगळे नातेवाईक उजव्या हातालाच राहायला हवे होते असं मला फार वाटायचं.

त्यात यंदा खांदा आखडला. आणि त्यात पूर्वाचं, आमच्या मुलीचं, लग्न ठरलं. सासर अकोल्याचं. पोरीचा एकच हट्ट होता: सासरी जाईन तर याच गाडीतून, आणि बाबा, तुम्हीच चालवायची. सुनंदा म्हणाली भाड्याची गाडी करा, पोरगी सासरी पोचली पायजे. मला ते लागलं. एकुलती एक मुलगी काहीतरी मागते आणि बाप म्हणतो, माझा खांदा दुखतो?

मग कोणीतरी अकोल्याच्या रशीदचाचांचं नाव सांगितलं. जुन्या गाड्यांना पॉवर स्टेअरिंग बसवून देतात. भंगारात निघालेल्या छोट्या नव्या गाडीची विजेची मोटर काढायची आणि जुन्या गाडीच्या स्टेअरिंगच्या दांड्याला जोडायची. गेलो. चाचा सत्तरीचे, पांढरी दाढी, बोलणं कमी. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, स्टेअरिंग हलवलं, पुढच्या टायरला एक लाथ घातली आणि म्हणाले, "ठेवून जा. मी फोन करतो."

चौथ्या दिवशी फोन आला. आवाज तुटत होता. "सर, पयलं काम झालं, येऊन पाहून जा" एवढं ऐकू आलं. त्यातलं 'पयलं' मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलेल्या माणसाला दुसऱ्याचं पूर्ण वाक्य ऐकायची सवय नसते.

दुपारच्या बसनं अकोल्याला पोचलो. चाचा एका ट्रकखाली होते. तिथूनच म्हणाले, चाबी गाडीलेच लागेल हाय, एक चक्कर मारून पाहा.

मी बसलो आणि स्टेअरिंग फिरवलं.

काय सांगू तुम्हाला! ते फिरलं. नुसतं फिरलं हो! अकरा वर्षं जिच्याशी कुस्ती खेळलो, ती बाई एका बोटावर वळली. डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, गरज नसताना एका गल्लीत शिरलो आणि तिथून सन्मानानं बाहेर आलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माणसाच्या हातात एवढी विद्या असते, आणि तो माणूस ट्रकखाली पडून असतो!

परत आलो. चाचा हात पुसत बाहेर आले होते. मी त्यांचे काळेकुट्ट हात माझ्या हातात घेतले. ते म्हणाले, सर, अजून ते मशीन... मी म्हटलं, मशीन नाही चाचा, जादू आहे. ते म्हणाले, पण सर... मी म्हटलं, आता एक शब्द बोलू नका. तेवढ्यात ट्रक सुरू झाला, त्या आवाजात त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसले. मी समजलो दुआ देताहेत. नमस्कार केला आणि निघालो.

मूर्तिजापूर मागं पडलं, दोन्ही बाजूंना तुरी उभ्या, आणि मी मध्ये एका बोटानं गाडी हाकतो आहे. रस्त्यात वळणं कमी पडली.

मग काय विचारता! कॉलनीतल्या प्रत्येक माणसाला मी त्या सीटवर बसवलं. समोरच्या आजींनीसुद्धा स्टेअरिंग फिरवून पाहिलं. सुनंदा बराच वेळ एका बोटानं चाक इकडून तिकडे करत राहिली आणि हळूच म्हणाली, "लोण्यावानी झालं वो." आमच्या संसारातलं हे मोठंच प्रशस्तिपत्र. चाचांचे रोज फोन यायचे. मी उचलायचो, पाच मिनिटं त्यांची स्तुती करायचो आणि ठेवून द्यायचो.

त्या रविवारी लग्नाची बोलणी करायला व्याही आले, गजाननराव. शांत माणूस. आयटीआयमधून निवृत्त झाले एवढं मला माहीत होतं, मी समजत होतो तिथं ऑफिसात असतील. बोलणी राहिली बाजूला, मी त्यांना गाडीपाशी नेलं. पॉवर स्टेअरिंग म्हणजे काय, वीज कशी येते, चाकाला आपल्या मनातलं कसं कळतं, सगळं सांगितलं. ते मान हलवत होते. मग म्हणाले, "मोटर कुठीसा बसवली?"

आता ती मी पाहिली होती कुठं? पण बॉनेट उघडलं. मागच्या बाजूला एक गोल डबा दिसला, वायरी लागलेल्या. म्हटलं, ही काय.

ते वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

"मंग हे वायपरच्या दांडीले काहून जोडली असन?"

आणि मी, तुमचा मित्र, एका क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "पावसात जास्त पॉवर लागते ना."

व्याही एवढंच म्हणाले, "बराबर आहे."

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. त्यातून रशीदचाचा उतरले, हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. बडनेऱ्याला पाहुण्यांकडे आले होते, तिथून वाट वाकडी करून आले. ओसरीवर, सगळ्यांसमोर, त्यांनी पोतं सोडलं.

"सर, तुमची मोटर. हे तं बसवाची राह्यली. चार दिवसांपासून फोन करून राहिलो, तुमी बोलूच नाई देत."

मी विचारलं, मग गाडी एवढी हलकी कशी झाली? चाचा खाली मान घालून सांगू लागले, जणू चूक त्यांचीच होती. पुढच्या चाकांत हवा निम्मीच होती. सांध्यांतलं ग्रीस वाळून दगड झालं होतं, ते काढून नवं भरलं. चाकं तिरकी होती, ती सरळ केली. मोटर बसवायच्या आधी तेवढं करावंच लागतं.

"ग्रीस कधी भरलं होतं सर तुमी?"

मी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदानं आखडलेल्या खांद्याकडे पाहिलं, ज्याला तीन महिने ती तेल लावून देत होती. गाडीला मात्र अकरा वर्षांत कोणी लावलं नव्हतं.

आणि तेव्हा गजाननराव बोलले. आवाज अगदी साधा. "मी आयटीआयमधी मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवत होतो. पण पावसात जास्त पॉवर लागते, हे पोरायले सांगाचं राहूनच गेलं."

पुढे मोटर रीतसर बसली. गाडी पुन्हा अकोल्याला गेली, आणि व्याही रोज चाचांकडे जाऊन बसायचे. ते फोनवर सांगायचे, चाचांनी दांडा कसा कापला, केसभर फरक न पडता कसा जोडला. सांगताना त्यांचा आवाजही माझ्यासारखाच व्हायचा. बरं वाटायचं मला.

आठ दिवसांनी मी गेलो. चाचा आणि व्याही मागच्या सीटवर, मी चालवायला. या वेळी मी नीट लक्ष दिलं. पहिलं वळण घेतलं आणि अंगावर काटा आला. म्हटलं, चाचा, त्या दिवशी मी उगाच भुललो होतो. आता कळलं, खरी पॉवर म्हणजे काय. हे वेगळंच आहे!

मागून चाचा अगदी अदबीनं म्हणाले, "सर, खालचं बटन दाबा. मशीन अजून चालू नाई केली."

लग्न लागल्यावर सासरी जाताना गाडी पूर्वानं चालवली. शालू नेसून, मुंडावळ्या बांधून, नवरा शेजारी. मी मागच्या सीटवर, व्याह्यांच्या आणि चाचांच्या मध्ये. पूर्वाचा तो हट्ट मोडून हा निर्णय त्या दोघांनी मला न विचारता घेतला होता.

अमरावतीत अजून लोक मला रस्त्यात थांबवून म्हणतात, "सर, मुलीला स्वतःची गाडी चालवत सासरी पाठवणारा बाप आम्ही पहिल्यांदा पाहिला. काय पुढारलेले विचार आहेत तुमचे!"

मी नम्रपणे मान खाली घालतो.