फोन न करता बदललेला पिचर

अमेरिकेतल्या आमच्या शेबॉयगन गावात एल्रॉय हिंट्झचं नाव निघालं की आमच्या लीगमधलं कुणीतरी अजूनही म्हणतं, मरायला टेकलेल्या मित्राला फसवणारा तोच ना? आता एल्रॉयही गेला आहे. त्यामुळे सांगायला हरकत नाही.

त्याचं आयुष्य खुर्च्यांच्या कारखान्यात गेलं. पाठीचे दांडे बसवायचे, वर आलेला सरस पुसायचा, पुढची खुर्ची ओढायची. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. शुक्रवारी कोपऱ्यावरच्या बारमध्ये तळलेला मासा आणि बटाट्याची धिरडी खायची, एक ब्रँडी घ्यायची, कोट चढवून निघायचं. बोलणं बेताचंच. त्याच्या वाट्याचं सगळं बोलणं वर्लिन डेक्कर बोलून टाकायचा. वर्लिन कारखान्यात त्याच्या शेजारीच उभा असे. मोठ्या आवाजाचा आणि विलक्षण हट्टी माणूस.

जेवणाच्या सुट्टीत फासे टाकून बेसबॉल खेळायची टूम या दोघांनीच काढली. पुढे कारखाना बंद पडला, फासे कॉम्प्युटरमध्ये गेले आणि लीग ऑनलाइन झाली. सर्व्हर सांभाळायला म्हणून मला त्यांनी आत घेतलं, आणि एक दुबळा संघही गळ्यात मारला.

आमचे खेळाडू कॉम्प्युटरनेच जन्माला घातलेले. त्यांना नाव असतं, वय असतं, थकवा येतो, हात दुखावतो. फक्त शरीर नसतं. उद्याच्या सामन्यात चेंडू टाकायला कोण उभा राहणार, म्हणजे आपला पिचर कोण, हे आदल्या दिवशी जाहीर करायचं. ते पाहून समोरचा आपले बॅटर निवडतो, कारण डावऱ्या पिचरपुढे डावरा बॅटर चाचपडतो आणि उजवा त्याला झोडपतो. उजव्या पिचरचं याच्या उलट. बॅटर कोण ते मात्र सामना सुरू होईपर्यंत कुणाला दिसत नाही. संध्याकाळी सहाला प्रोग्रॅम सामना खेळून टाकतो. आपण नुसत्या ओळी वाचत बसायचं.

पिचर ऐनवेळी दुखावला तर काय, म्हणून सहापर्यंत तो बदलायची मुभा होती. पण बदलणाऱ्याने समोरच्याला फोन करायचा. मेसेज नाही, फोन. म्हणजे त्यालाही आपले बॅटर बदलता येतात. नियम माझ्या कोडमध्ये होता. फोनचा रिवाज मात्र कुठेच लिहिलेला नव्हता आणि तो कुणी कधी मोडला नव्हता.

एल्रॉय बरेचदा लीग जिंकला. वर्लिन एकदाही नाही. त्याला कारण त्याचा हट्ट. समोर कुणीही असो, त्याचे तेच आठ जण, जवळजवळ सगळे उजवे. कुणी समजावलं की म्हणायचा, "माझी माणसं म्हणजे माझी माणसं. पाऊस बघून मी जावई बदलत नाही."

त्या हिवाळ्यात वर्लिनचं पोट तपासलं आणि डॉक्टरांनी वसंत ऋतूचं नाव काढायचं टाळलं. नेमका त्याच वर्षी त्याचा संघ शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला. समोर एल्रॉय. एल्रॉयने त्याचा सगळ्यात जबर पिचर जाहीर केला होता, ग्रोव्हर टिलिस, उजवा. वर्लिनच्या उजव्या आठांना टिलिस झेपणारा नव्हता. त्या वेळी वर्लिन खाटेवरून उठतही नव्हता. पुढचं वर्ष त्याला मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सामना शुक्रवारी होता. सगळी मंडळी बारमध्ये फोन समोर ठेवून बसली होती. एल्रॉय आपला फोन घेऊन बाहेर बर्फात गेला आणि परत येऊन खुर्चीवर बसला. सहा वाजले, पहिली ओळ आली. पिचर टिलिस नव्हता. लम पॅजेट होता, एल्रॉयच्या संघातला सगळ्यात टाकाऊ गडी. आणि डावरा.

गॉर्डी व्हॉस आमच्या लीगचा अध्यक्ष. त्याने विचारलं, वर्लिनला फोन केलास ना? एल्रॉयने मान हलवली. नाही.

मग बॅटर दिसू लागले. वर्लिनने त्याची माणसं बाहेर बसवली होती. टिलिसला मारायचं म्हणून त्याने जन्मात पहिल्यांदा संघ बदलला होता आणि जवळजवळ सगळे डावरे घेतले होते. ते डावरे पॅजेटपुढे एकामागून एक आंधळ्यासारखे बाद होत गेले. मी एल्रॉयकडे पाहिलं. हातातला माशाचा तुकडा त्याने परत ताटात ठेवला होता. एल्रॉय एका धावेने जिंकला.

"झकास डाव टाकलास," गॉर्डी म्हणाला. "खाटेवरच्या माणसावर." बाकीच्यांनी आपापले ग्लास उचलले आणि दुसऱ्या टेबलावर गेले.

रविवारी एल्रॉय म्हणाला, मला वर्लिनकडे सोड. बर्फात त्याला गाडी चालवता येत नसे. वर्लिनच्या बायकोने, आर्डिसने, दार उघडलं, पण नेहमीसारखे आमचे कोट काढून घेतले नाहीत. वर्लिनची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी लावली होती. आवाज निम्मा झाला होता.

"ये, दरोडेखोरा."

एल्रॉय उभाच राहिला. वर्लिन बराच वेळ छताकडे बघत बोलत होता. घरात जो येतो तो हळू बोलतो, म्हणाला. पाद्री हळू बोलतो. जावई पत्ते खेळताना मुद्दाम हरतो आणि त्याला वाटतं म्हाताऱ्याला कळत नाही. मग त्याने मान वळवली.

"मला भीती होती की तूही तेच करशील. मला जिंकू देशील. तसं केलं असतंस ना, तर या घराची पायरी चढू दिली नसती तुला."

एल्रॉय खाटेजवळची खुर्ची ओढून बसला.

"का बदललास रे पिचर?"

"जिंकायचं होतं," एल्रॉय म्हणाला.

वर्लिन हसला, मग खोकला. "ऐकलंस, आर्डिस? याला जिंकायचं होतं." खोकला थांबल्यावर मात्र त्याने तोंड खिडकीकडे केलं. "तरी फोन करायचास, एल्रॉय. रात्रभर खपून निवडले होते मी ते डावरे."

परतताना एल्रॉयने गाडी सरोवराच्या कडेला थांबवायला सांगितली. पाणी काठापासून गोठलं होतं. तिथे त्याने मला सांगितलं. पॅजेट त्याने हरण्यासाठीच उभा केला होता. वर्लिन त्याचे उजवे आठ बदलणार नाही हे त्याने जमेला धरलं होतं. ते पॅजेटला झोडपून काढतील आणि वर्लिनला एकदा जिंकल्याचं सुख मिळेल. फोन केला असता तर वर्लिनने कारण विचारलं असतं, आणि वर्लिनशी त्याला कधीच खोटं बोलता आलं नव्हतं.

"आज तर बोललात," मी म्हणालो.

"हो. आणि तू आता कुणाला काही सांगायचं नाहीस, पोरा. आपल्याशी एकजण तरी खरं खेळला असं त्याला वाटतंय. तेवढं राहू दे त्याच्याकडे."

मी म्हटलं, पण लोक तुम्हाला काय म्हणतात ते ऐकलंत ना? त्यावर त्याने काच खाली केली आणि परत वर केली, बस.

पुढच्या बैठकीत गॉर्डीने ठराव मांडला की जाहीर केलेला पिचर बदलायचाच नाही, दुखावला तरी. एल्रॉयनेही हात वर केला. कोड मी बदलला. दोन ओळींचं काम होतं.

वर्लिन मार्चमध्ये गेला. त्याच्या मुलीने शवपेटी उचलायला लीगमधलेच सहा जण बोलावले. मलाही बोलावलं. एल्रॉयला नाही. पेटी जड होती आणि चर्चच्या पायऱ्यांवर बर्फाचं पाणी होतं. एल्रॉय शेवटच्या बाकापाशी टोपी हातात घेऊन उभा होता; आम्ही जवळून जाताना त्याचा हात पेटीकडे गेला आणि मध्येच थांबला.

नंतर चर्चच्या तळघरात नेहमीसारखं जेवण होतं, पावात घातलेलं हॅम आणि बटाट्याचं सॅलड. एल्रॉय टेबलाच्या टोकाला बसला. त्याच्या बाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी एकीवर जाऊन बसलो. गॉर्डी ताट घेऊन मागून चालला होता.

"काय एल्रॉय, आज येणार म्हणून फोन केला होतास का घरच्यांना?"

दोघं-तिघं हसले. आर्डिसने पलीकडच्या टेबलावरून पाहिलं. मी खुर्ची मागे सरकवली आणि बोलायला तोंड उघडलं. एल्रॉयने माझ्या मनगटावर हात ठेवला. सरसाने वर्षानुवर्षं खडबडीत झालेला हात.

"ती मोहरीची बरणी दे इकडे," तो म्हणाला.

मी दिली.