आत्याची चोरलेली शीळ

मंडळी, आज सकाळी शाळेच्या मासिकासाठी समुद्रातल्या एका एकपेशीय जिवावर लेख लिहिला. हा जीव शैवाल खातो, पण त्यातली हरितलवकं, म्हणजे उन्हावर अन्न तयार करणारे हिरवे कण, पचवत नाही. ते जपून ठेवतो आणि त्यांच्यावर जगतो.

दुपारी लालबागला आत्याला लेख वाचून दाखवला.

"मेला चोर! माझ्यासारखाच," ती हसली.

तिचा मोठा भाऊ, माझा काका, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून गेला. गिरणीतून येताना तो जिन्यात शीळ घालायचा आणि ती ऐकून आजी चहा ठेवायची. तो गेल्यावर चूल थंडच राहू लागली. तेव्हा पंधरा वर्षांची आत्या रोज तीच शीळ घालत जिना चढू लागली. मुलीने शीळ घातली म्हणून चाळ नको ते बोलली. आजीने चहा ठेवला.

"किती टिकतं रे ते हिरवं?" आत्याने विचारलं.

"काही आठवडे. बिघडलं की त्या जिवाला दुरुस्त करता येत नाही."

तिने ओठ गोल केले. नुसती हवा आली. मग गुणगुणली आणि मध्येच थांबली. "पुढचं गेलं रे. पंडित, तू सांग."

मला संस्कृतची शब्दरूपं सगळी पाठ आहेत. ही शीळ लहानपणी शेकडो वेळा ऐकली, लक्ष कधी दिलं नाही.

लालबागच्या चाळीत संध्याकाळी जिन्यातून येणारी शीळ ऐकलेलं इथे कुणी आहे का? उरलेली अर्धी ऐकवायला या. चहा मी ठेवतो.