लेडीज रूमची जयाबाई

आमच्या बेळगावच्या त्या कॉलेजात मुली नोटीस बोर्डाकडे फिरकत नसत. फिरकू नये असा नियम कुठं केलेला नव्हता. पण बोर्ड पोर्चमध्ये, पोर्चमध्ये मुलांचा घोळका, आणि त्या घोळक्यात शिरून मान वर करून वाचणारी मुलगी संध्याकाळपर्यंत सगळ्या टिळकवाडीत गाजायची. म्हणून मुली आपल्या लेडीज रूममध्ये बसून राहायच्या, प्रोफेसर वर्गाकडे निघाले की त्यांच्या मागून खाली मान घालून जायच्या आणि तशाच परत यायच्या. परीक्षेचे फॉर्म कधी भरायचे, गॅदरिंगला पाहुणे कोण, स्कॉलरशिप कुणाला, कुठल्या शाळेत मास्तरणीची जागा निघाली, हे सगळं त्यांच्यापर्यंत आणायचं काम जयाबाईचं होतं.

जयाबाई लेडीज रूमची बाई. झाडलोट, पाणी आणि बातम्या ही तिची तीन कामं. तिला वाचता येत नव्हतं. भावकू शिपाई बोर्डावर कागद लावायचा, मग व्हरांड्याच्या टोकापर्यंत येऊन तिला तो वाचून दाखवायचा. त्यापुढं यायला पुरुषमाणसाला मनाई होती. जयाबाई ऐकलेलं पाठ करायची आणि आत येऊन भिंतीकडं बघत म्हणून टाकायची. कुणी वारल्याची सुट्टी असो की मॅच जिंकल्याची, सूर एकच. ‘मी आलो, मी गेलो’ असं आमच्याकडच्या खेड्यातल्या बायका बोलतात तसं ती बोलायची आणि मुली तिची नक्कल करायच्या. तिच्या तोंडावर करायच्या. तिला त्याचं काही वाटत नसे.

तिला कशाचंच काही वाटत नसे, हे खरं. माहेर जांबोटीकडचं, शेतकऱ्याचं. नवरा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होता. इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा तो सकाळी खोकत कामावर गेला आणि चारच दिवसांत आटोपला. जयाबाईला तेव्हा मिसरूडही न फुटलेल्या त्या नवऱ्याचा चेहरा पुरता पाठ झालेला नव्हता. कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या, त्या दिवशी ती इतकी रडली की शेजारच्या वखारीतल्या बायका काम टाकून आल्या. त्यानंतर तिला रडताना कुणी पाहिलं नाही. भाऊ भरमू तिला घेऊन आला, वहिनीनं वर्षभर सांभाळली, मग ओळखीनं शहरात पाठवली. वडगावात हातमागवाल्यांच्या आळीत एक खोली, आणि दिवसभर हे कॉलेज. लोक म्हणत, बाई सोशीक आहे. दुसऱ्यानं सोसलेलं आपल्याला बघावं लागू नये म्हणून हा शब्द फार सोयीचा आहे.

कुठं उभं राहायचं आणि कुठं नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. बारशाला मागच्या दारी, लग्नात चुलीपाशी. गल्लीतून कुणी नवे कपडे घालून कामाला निघालेला दिसला की ती भिंतीकडं तोंड करून थांबायची. त्याचं काम बिघडायला नको. यात तिला अपमान वाटत होता असं म्हणावं तर ते खोटं होईल. पाय दुखणाऱ्या माणसाला जसं लंगडणं कळेनासं होतं, तसं ते झालं होतं.

त्या वर्षी, म्हणजे दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्याच्या आसपास, लतिका बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होती. मार्तंडराव वकिलांची मुलगी. हुशार होती आणि आपण हुशार आहोत हे तिला माहीत होतं, म्हणून इतर मुलींना ती थोडी जड जायची. दिवाळीनंतर भावकूनं एक नोटीस वाचून दाखवली आणि जयाबाईनं ती भिंतीकडं बघत म्हटली: पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मुलींसाठी जागा राखलेल्या आहेत, राहण्याजेवण्याची सोय आहे, पुढं सरकारी कन्याशाळेत नोकरी पक्की. शिक्षण खात्याच्या मोठ्या बाई स्वतः येऊन आपल्या कॉलेजातली एक मुलगी निवडतील.

लतिकेनं ते तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग घरी जाऊन बापाशी भांडली. मार्तंडराव वकील माणूस, सरळ नाही म्हणणार नाहीत. ते म्हणाले, “निवड झाली तर पुण्याला जा. नाही झाली तर निपाणीचं स्थळ आलं आहे, वैशाखात बार उडवून टाकू.” वकिलांनी आपला शब्द मोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. लतिकेनं हे सगळं जयाबाईला सांगितलं, कारण ती कुणाला सांगणार नाही याची खात्री होती. “बाई, एवढं एक मला मिळू दे,” असंही म्हणाली. जयाबाई घंघाळ घासत होती. ती म्हणाली, “मिळंल की.”

मोठ्या बाईंची मुलाखत सोमवारी ठरली होती. आणि त्याच्या आधीच्या शनिवारी लेडीज रूममध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

हे दरवर्षीचं. शनिवारी अर्धा दिवस, मुलं घरी गेली की कॉलेज मोकळं. मग प्रोफेसरांच्या बायकांना बोलवायचं, प्रिन्सिपॉलांच्या बाई यायच्या, तिळगूळ, अत्तर, हरभऱ्याची ओटी. त्या वर्षी यजमानीण लतिका. सकाळी तिनं सतरंज्या घालून घेतल्या आणि जरा घुटमळून म्हणाली, “जयाबाई, बायका यायला लागल्या की तुम्ही मागच्या पायरीवर बसाल ना? माझं काही नाही हो, पण प्रिन्सिपॉलबाई जुन्या वळणाच्या आहेत.”

“व्हय गं आक्का,” जयाबाई म्हणाली. “म्या बसणारच हुतो की तितं.”

बायका आल्या. जयाबाई पायरीवर जाऊन बसली. प्रिन्सिपॉलबाईंना यायला उशीर झाला, त्यामुळं सगळं खोळंबलं. आतून हसण्याचे, बांगड्यांचे आवाज येत होते. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला भावकू दिसला. धावत आल्यानं त्याला धाप लागली होती.

“जयाबाई, मोटी बाई आजच आल्या. सोमवारी त्यास्नी धारवाडला जायाचं हाय म्हनं. आत्ताच मुलाकत घेत्यात सायबाच्या खोलीत. सांजच्या गाडीनं जानार. पोरीस्नी सांग लगोलग. म्या च्या आनाय चाललोय.” आणि तो गेला.

जयाबाई उठली. दारापर्यंत गेली. दार नुसतं लोटलेलं होतं, फटीतून आतलं दिसत होतं. नेमकी लतिका दाराकडं तोंड करून उभी होती. हातात हळदीकुंकवाचं तबक, समोर प्रिन्सिपॉलबाई नुकत्याच पाटावर बसत होत्या. जयाबाईचा हात दारावर होता. तिनं तो काढून घेतला.

तिच्या मनात काय आलं ते तिनं पुढं कधीतरी भावकूला सांगितलं. रीत मोडेल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. पोरगी आयुष्याच्या कामाला निघणार. तबक हातात असताना, निघता निघता, तिला पहिलं तोंड दिसणार ते आपलं. पहिला शब्द ऐकू येणार तो रांडमुंड बाईचा. मग कुठली निवड आणि कुठलं पुणं. त्यापेक्षा हे सवाष्णींचं आटपू दे, तबक खाली ठेवू दे, मग सांगू. किती वेळ लागणार? दारातून हाक मारावी असंही तिच्या मनात आलं. पण शुभकार्यात बाहेरून हाक मारणं म्हणजे तर आणखीच वाईट. ती परत पायरीवर येऊन बसली, लतिकेचं भलं व्हावं म्हणून.

प्रिन्सिपॉलबाईंनी गाणं म्हटलं. मग कुणी दुसरं म्हटलं. एक एक सवाष्ण ओटी घेऊन निघाली, तरी दोघी-तिघी गप्पा मारत रेंगाळल्या. शेवटची बाई गेल्यावर जयाबाई आत आली आणि नेहमीसारखं भिंतीकडं बघत तिनं सांगितलं.

लतिका तशीच धावली. पोर्चमधून धावली, कुणाची पर्वा केली नाही. प्रिन्सिपॉलांच्या खोलीबाहेर भावकू रिकामे कप उचलत होता. टांगा स्टेशनकडं गेला होता. बेबी नावाची एक मुलगी हळदीकुंकवाला न जाता लायब्ररीत वाचत बसली होती, तिला भावकूनं येता-येता सांगितलं होतं. निवड बेबीची झाली. बेबीही चांगलीच मुलगी होती, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

लतिका परत आली तेव्हा इतर मुली सतरंज्या गुंडाळत होत्या.

“का नाही सांगितलंत मला?” ती म्हणाली.

“आत हळदीकुंकू चाललंतं.”

बाईला बाहेर कुणी बसवलं हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी जयाबाईला बोल लावला नाही. ती झाडू घेऊन सांडलेले तीळ गोळा करायला लागली.

एरवी ती विसरून गेली असती. पण या वेळी जेवण जाईना. रविवारी ती उठली, धुतलेलं लुगडं नेसली आणि वडगावातून चालत टिळकवाडीत वकिलांच्या बंगल्यावर गेली. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या बातम्या सांगत आली होती. आपलं म्हणून काही सांगायला ती कुणाच्या दारी जन्मात पहिल्यांदा चालली होती.

मार्तंडराव व्हरांड्यात आरामखुर्चीत होते. जयाबाई खाली अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, “सायेब, चूक माजी हाय. पोरीची न्हाय. निरोप मला येळेत मिळालता, म्या पोचीवला न्हाय. तुमी मोट्या बाईस्नी तसं लिवा. त्या पुन्यांदा बोलीवतील.”

वकिलांनी सगळं नीट विचारून घेतलं. कुठं बसली होतीस, दारापर्यंत गेलीस का, मग आत का नाही गेलीस. साक्षीदार तपासावा तसं. आणि शेवटी समाधानानं मान हलवली.

“तुमची चूक कसली, बाई? तुम्ही केलंत ते अगदी योग्य केलंत. शिकलेल्या पोरींना जे कळत नाही ते तुम्हाला कळलं. शाबास.”

एकवीस-बावीस वर्षं जयाबाई मागच्या पायरीवर बसत आली होती, भिंतीकडं तोंड करून थांबत आली होती, आणि त्याबद्दल तिला शाबास म्हणणारा हा पहिला माणूस. तिला राग आला. पोटातून, सणसणून आला. इतक्या दिवसांनी आलेला, त्यामुळं तिला आधी तो ओळखूच आला नाही. आपल्याला ताप भरतोय की काय असं वाटलं.

“आता तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” वकील म्हणत होते. “झालं ते बरंच झालं. निपाणीकडे कळवून टाकलंय मी. वैशाखात लग्न. तुम्हीही या. म्हणजे... अक्षता पडल्या की या. पंगतीला.”

“न्हाय,” जयाबाई म्हणाली.

“काय?”

“म्या येणार न्हाय, सायेब. लग्नालाबी न्हाय आन् पंगतीलाबी न्हाय.”

वकिलांना हे अपेक्षित नव्हतं. पण बाई खेड्यातली, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही. आत बघून ते म्हणाले, “लतिका, बाईंना तिळगूळ दे,” आणि वर्तमानपत्र उचललं.

लतिका वाटी घेऊन पायऱ्या उतरली. सगळं तिनं दाराआडून ऐकलं होतं. डोळे सुजलेले होते. वाटी पुढं करताना ती अगदी हळू म्हणाली, “बाई, माझंही सांगा. माझंही नाही म्हणून. मला त्यांच्यापुढं बोलता येत नाही हो.”

जयाबाईनं तिच्याकडं बघितलं. बी. ए. ला बसलेली मुलगी, इंग्रजीत वादविवाद जिंकून आलेली. तिळगूळ हातात तसाच राहिला. ती वकिलांकडं वळली आणि या वेळी थांबली नाही, भिंतीकडंही बघितलं नाही.

“सायेब,” ती म्हणाली, “पोरगी न्हाय म्हनत्या. तिला त्यो निपाणीचा नगो. तिला शिकायचं हाय.”

मार्तंडरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. आधी जयाबाईकडं पाहिलं, मग मुलीकडं. ते रागावले नाहीत. आवाजही चढवला नाही.

“लतिका,” ते म्हणाले, “आत जा.”

लतिका खाली मान घालून आत गेली.